विज्ञान मंडळांचे जाळे : का आणि कसे विणावे?

स्मरणिकेच्या पानांवर शाळेचा गतकाळ नोंदवला जातो आणि ते उचितच आहे. परंतु शाळा ही संस्था मुळात उद्यासाठी असते. म्हणून या अंकात आम्ही पुढच्या काळाचा एक विषय अभ्यासासाठी घेत आहोत. गावोगावची विज्ञान मंडळे, अभ्यास मंडळे, वाचनालये आणि शिक्षणप्रेमी गट यांना इंटरनेटच्या साहाय्याने जोडणारा समूह कसा उभा करावा, हा तो विषय होय. वरवर पाहता हा प्रश्न तंत्राचा वाटतो, पण तो तेवढाच नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावीच्या पुढे शिकत आहे, त्या घरातील मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारे कुणी असेल की तो प्रश्न मनातल्या मनात विरून जाईल, हे पुष्कळ अंशी अशा जाळ्यावर अवलंबून आहे.

माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव या तिघांनाही या कामात निश्चित स्थान आहे. ते कोणते, हे लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

१. एकाकी मंडळाचे दुखणे

आपल्याकडे शाळाशाळांतून विज्ञान मंडळ स्थापन होते. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो, प्रदर्शन भरते, ज्वालामुखीची प्रतिकृती धूर ओकते, टाळ्या पडतात आणि मार्चमध्ये परीक्षा आल्या की मंडळाचे कपाट बंद होते. पुष्कळदा एखाद्या उत्साही शिक्षकाच्या बळावर मंडळ वर्षभर चालते. पण त्या शिक्षकांची बदली झाली, की भिंगे, नळ्या आणि चुंबक त्याच कपाटात धूळ खात पडतात. ज्ञान वस्तूंमध्ये नव्हते, ते त्या माणसाच्या हातात होते आणि ते हात दुसऱ्या गावी गेलेले असतात.

यात कुणा व्यक्तीला दोष देण्यात अर्थ नाही. दोष रचनेचा आहे. जे मंडळ एकाच माणसावर उभे असते, ते त्या माणसाबरोबरच बसते. शिवाय एकट्या मंडळाला आपण केलेले बरोबर आहे की नाही हे पडताळण्याची सोय नसते. विज्ञानाचा गाभाच पडताळणीत आहे. एकाने मोजावे, दुसऱ्याने स्वतंत्रपणे मोजावे आणि दोघांनी आकडे समोरासमोर ठेवावेत. हा दुसरा मोजणारा नसेल, तर प्रयोगाचा देखावा होतो, विज्ञान होत नाही.

२. जोडणीचा जुना वारसा

इंटरनेट येण्यापूर्वी ही गरज कुणाला कळली नव्हती, असे मुळीच नाही. भारतात लोकविज्ञानाच्या जोडणीचा मोठा वारसा आहे. पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि आकाशनिरीक्षणाचा छंद असणारी माणसे एकत्र आली. केरळमध्ये १९६२ साली केरळ शास्त्र साहित्य परिषद सुरू झाली. मातृभाषेत विज्ञान लिहिणाऱ्या काही लेखकांचा तो गट पुढे गावोगावी शाखा असलेली चळवळ बनला. मुंबईत १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद उभी राहिली आणि मराठीतून विज्ञान मांडता येते हे तिने वर्षानुवर्षे कृतीने दाखवून दिले. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये सूर्याजवळ येणार होता. त्याच्या आगमनाच्या सुमारास, १९८५ मध्ये, मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले आणि शहराच्या दिव्यांपासून दूर वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभर आकाशदर्शनाचे वर्ग भरू लागले.

१९८७ साली भारत जन विज्ञान जथा निघाला. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून निघालेले जथे गाणी, नाटके आणि प्रयोग करीत ७ नोव्हेंबरला, म्हणजे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या जन्मदिनी, भोपाळमध्ये एकत्र आले. त्यातूनच पुढच्या वर्षी निरनिराळ्या राज्यांतील लोकविज्ञान संघटनांचे अखिल भारतीय जाळे आकाराला आले. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली. तेथे मुले आपल्याच परिसरातील एखाद्या प्रश्नावर काम करतात आणि ते आपल्या भाषेत मांडतात.

या सर्व प्रयत्नांत एक समान सूत्र आहे. प्रत्येकाने आधी माणसे जोडली आणि मग साधने शोधली. पत्र, मासिक, पदयात्रा, शिबिर अशी साधने काळाप्रमाणे बदलत गेली. इंटरनेट हे त्याच मालिकेतील पुढचे साधन आहे, इतकेच.

३. होशंगाबादचा धडा

या विषयाचा अभ्यास करताना एका उदाहरणाजवळ थांबणे आम्हाला आवश्यक वाटते. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ उच्च प्राथमिक शाळांतून विज्ञान शिकवण्याचा नवा प्रयोग आरंभला. पाठांतराऐवजी मुलांनी स्वतः प्रयोग करावेत, निरीक्षण लिहावे आणि निष्कर्ष काढावा, ही त्याची पद्धत होती. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होती. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभरातील शाळांत गेला, तर १९८२ मध्ये त्याची धुरा वाहण्यासाठी एकलव्य ही संस्था स्थापन झाली.

पुण्यात मोटार कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता याच कार्यक्रमात १९७८ च्या सुमारास रजा काढून गेले. आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून भूमितीच्या आकृत्या करण्याची कल्पना त्यांना तेथेच सुचली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी आणि प्रयोग घडवले, त्यांच्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत तयार झाल्या आणि हजारो पुस्तके त्यांनी संकेतस्थळावर विनामूल्य खुली केली. होशंगाबादच्या एका खेड्यात सुचलेली युक्ती आज जगातील कोणत्याही मुलापर्यंत पोहोचू शकते, ती याच मार्गाने.

परंतु आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती या कार्यक्रमातील ‘सवालीराम’ नावाची व्यक्तिरेखा. सवालीराम हा कुणी खराखुरा मनुष्य नव्हता. पाठ्यपुस्तकातून तो मुलांना सांगे, की तुम्हाला पडलेला कोणताही प्रश्न मला पत्राने कळवा. मुले पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे जात. उत्तरामागे शिक्षक आणि शास्त्रज्ञ असत. पण मुलाच्या दृष्टीने तो एक मित्र होता. त्याला कोणताही प्रश्न मूर्खपणाचा वाटत नसे. आज आपण ज्याला ‘ऑनलाइन समूह’ म्हणतो, त्याचा आत्मा त्या पोस्टकार्डांत पूर्णपणे होता. विचारणाऱ्याला भीती नव्हती, उत्तर देणारा ठरलेला होता आणि उत्तर येणारच, हा विश्वास होता.

या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये शासनाच्या निर्णयाने शाळांतून बंद झाला. तसेच, देशभरातील विज्ञान मंडळांना ‘विपनेट’ या नावाने जोडणारी विज्ञान प्रसार ही केंद्र शासनाची संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली होती; तीही २०२३ मध्ये बंद करण्यात आली. जाळ्याची गाठ एकाच खुंटीला बांधलेली असेल, तर खुंटी निघताच जाळे खाली येते. मात्र ज्या शिक्षकांनी प्रयोगाची पद्धत अंगी बाणवली, त्यांच्यातून ती कुणी काढून घेऊ शकले नाही. पुस्तके आणि पत्रिका उरल्या, त्या इतरांनी वाचल्या. म्हणून जाळे विणताना खुंट्या अनेक असाव्यात आणि जे शिकलो ते लिहून उघड्यावर ठेवावे, हे दोन धडे आम्ही येथून घेतो.

४. इंटरनेटने नेमके काय दिले?

२००७ मध्ये ‘गॅलेक्सी झू’ नावाचा एक उपक्रम सुरू झाला. दुर्बिणीने टिपलेल्या लाखो दीर्घिकांची छायाचित्रे शास्त्रज्ञांना आकारानुसार वेगळी करायची होती आणि मोजके हात पुरणार नव्हते. त्यांनी ती छायाचित्रे सर्वांसमोर ठेवली. जगभरातील सामान्य माणसांनी हे काम केलेच, शिवाय आणखी एक गोष्ट घडली. नेदरलँडमधील हॅनी फान आर्केल या शाळाशिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी एक विचित्र निळसर डाग दिसला. तिने समूहात साधा प्रश्न विचारला, की हे काय आहे? कुणालाच ते ठाऊक नव्हते. पुढे मोठ्या दुर्बिणींनी त्याचा अभ्यास झाला आणि तो तप्त वायूचा प्रचंड ढग निघाला. आज तो त्या शिक्षिकेच्या नावाने ओळखला जातो. शोधाचे श्रेय प्रश्न विचारण्याच्या धाडसाला आणि तो प्रश्न गांभीर्याने घेणाऱ्या समूहाला, अशा दोघांना आहे.

आपल्याकडेही असे घडते आहे. नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, उभी आहे. खगोलशास्त्रज्ञ आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘रॅड अ‍ॅट होम’ या उपक्रमात विज्ञानाचे विद्यार्थी घरी बसून या दुर्बिणीच्या नोंदी पाहतात आणि अपरिचित रचना शोधतात. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात शाळांतील मुले आपापल्या आवारातील एक झाड निवडतात आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुले आणि फळे नोंदवतात. आंबा कोठे कधी मोहरला, बहावा कोठे लवकर फुलला, हे एका मुलाच्या वहीतून कळत नाही. अनेक मुलांच्या वह्या एकत्र आल्या की ऋतूंचा नकाशा तयार होतो.

जीएमआरटीची रचनाच आपल्या विषयाचे उत्तम स्पष्टीकरण आहे. तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. एकटी थाळी तशी अल्पदृष्टीचीच असते. पण सर्वांचे संकेत एकाच घड्याळाशी जुळवून एकत्र केले की त्या एका अवाढव्य दुर्बिणीसारखे काम करतात. शाळांचेही तसेच आहे. मात्र ‘एकाच घड्याळाशी जुळवणे’ ही अट विसरता येत नाही. सर्वांची मोजण्याची पद्धत एक नसेल, तर कितीही शाळा जोडल्या तरी गोंगाटच हाती येतो.

५. प्रत्यक्ष पाठ : काठी, सावली आणि पृथ्वीचा घेर

समूह म्हणून काय करता येते, हे आता एका प्रयोगातून पाहू. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे एरॅटोस्थेनिस नावाचा विद्वान होता. दक्षिणेकडील सायीन गावी वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, हे त्याला ठाऊक होते. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडे आणि तिच्यावरून काढलेला कोन पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे सुमारे ७.२ अंश भरे. दोन गावांतील अंतराला पन्नासने गुणून त्याने पृथ्वीचा घेर काढला. या रीतीत लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की एका गावात बसून हे गणित होत नाही. त्याला दुसरे गाव लागतेच.

समजा, २० किंवा २१ मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र समान असताना, कोल्हापूर आणि नाशिक येथील दोन मंडळांनी एक मीटर उंचीची काठी सपाट जमिनीवर उभी केली. काठी बरोबर उभी आहे की नाही, हे पाहण्यासाठी गवंड्याचा ओळंबा हवा. मुलांपैकी कुणाचे ना कुणाचे वडील किंवा काका तो घेऊन येतील आणि तो कसा धरायचा हेही शिकवतील. दुपारी सव्वाबारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली ज्या क्षणी पडते, तो त्या गावचा खरा मध्यान्ह. तो घड्याळाच्या बाराला नसतो. मार्चमध्ये कोल्हापूर आणि नाशिकला तो सुमारे बारा वाजून चाळीस मिनिटांनी येतो, तर नागपूरला त्याहून जवळपास वीस मिनिटे आधी. भारताचे घड्याळ एक असले तरी सूर्य प्रत्येक गावाला आपापली वेळ देतो, हे मुलांना प्रथमच डोळ्यांनी दिसते.

कोल्हापूरच्या मंडळाला आखूड सावली सुमारे ३० सेंटिमीटर मिळेल आणि नाशिकच्या मंडळाला सुमारे ३६.४ सेंटिमीटर. काठी आणि सावली यांची प्रमाणबद्ध आकृती कागदावर काढून कोनमापकाने कोन मोजावा. कोल्हापूरचा कोन येतो सुमारे १६.७ अंश, नाशिकचा २० अंश. दोहोंतील फरक ३.३ अंश. आता नकाशावरून दोन्ही गावांतील दक्षिण-उत्तर अंतर मोजावे. ते सुमारे ३६६ किलोमीटर भरते. ३.३ अंशांना ३६६ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिकाने उत्तर येते ३९,९०० किलोमीटरच्या आसपास. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे. एक काठी, एक ओळंबा, एक फूटपट्टी आणि एक दूरचा मित्र एवढ्या भांडवलावर पृथ्वी मोजता आली.

येथे दोन सूचना आवश्यक आहेत. अंतर रस्त्याने जाण्याचे घेऊ नये. रस्ता वळणे घेत जातो आणि उत्तर विनाकारण फुगते. तसेच दोन्ही गावे नेमक्या एकाच रेखांशावर असलीच पाहिजेत असे नाही. प्रत्येकाने आपापल्या मध्यान्हाला मोजले आणि केवळ दक्षिण-उत्तर अंतर घेतले की पुरे.

आता समूहाचे महत्त्व पाहा. नाशिकला सावली मोजताना अवघ्या अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली, तर कोनात पाव अंशाचा फरक पडतो आणि पृथ्वीचा घेर तीन हजार किलोमीटर इकडेतिकडे होतो. दोनच शाळा असतील, तर ही चूक पकडताच येणार नाही. शाळा पाच झाल्या, तर दोन-दोनच्या दहा जोड्या होतात. दहा झाल्या, तर पंचेचाळीस. पंचेचाळीस उत्तरे समोर आली की ज्या शाळेच्या सर्व जोड्या एकाच दिशेने बिघडल्या, तेथे काठी झुकली होती की जमीन उतरती होती, हे शोधता येते. चूक लपवण्याची वस्तू राहत नाही, ती सर्वांनी मिळून शोधण्याची वस्तू होते. आमच्या मते, समूहातून मुलांना मिळणारे सर्वांत मोठे शिक्षण हेच.

६. निवासी शाळेची विशेष अनुकूलता

निवासी शाळेला येथे एक अनोखी संधी आहे. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथील प्रत्येक गावी वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस. दुसरी खेप जुलै-ऑगस्टमध्ये येते; पण तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते. पहिली खेप येते मे महिन्यात. कोल्हापूरला पहिल्या आठवड्यात, पुण्याला दुसऱ्या आठवड्यात आणि नागपूरला शेवटच्या आठवड्यात. नेमकी तेव्हा उन्हाळ्याची सुटी असते आणि इतर शाळांची दारे बंद असतात.

निवासी शाळेची मुले मात्र त्या काळात आपापल्या जिल्ह्यांत, आपापल्या गावी पांगलेली असतात. जी गोष्ट एरवी अडचणीची ठरली असती, ती येथे लाभाची ठरते. प्रत्येक मुलाने आपल्या अंगणात एक सरळ नळी किंवा डबा उभा ठेवून कोणत्या दिवशी त्याची सावली नाहीशी झाली एवढे नोंदवले, तरी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणाऱ्या सूर्याचा आलेख महिनाभरात तयार होतो. जून महिन्यात मुले परततील, तेव्हा प्रत्येकाच्या वहीत आपल्या गावचे एक निरीक्षण असेल. वसतिगृहातील मुले हेच मुळात एक जाळे आहे. ते केवळ नोंदीने बांधायचे आहे. सूर्याकडे थेट डोळ्यांनी पाहू नये, सावलीकडेच पाहावे, ही सूचना पालकांनी प्रत्येक मुलाला आवर्जून द्यावी.

माजी विद्यार्थ्यांबद्दल हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर खरी आहे. कुणी मुंबईत, कुणी बेंगळुरूत, कुणी आखातात नोकरीला आहे. एकाच दिवशी मोजलेली दुबईची सावली आणि आपल्या गावची सावली मुलांनी शेजारी ठेवली, तर भूगोलाचे एक संपूर्ण प्रकरण त्यांना पाठ न करता समजेल.

७. समूह बांधणीची सूत्रे

अभ्यासातून आणि अनुभवी संस्थांच्या कामावरून आम्हाला जी सूत्रे महत्त्वाची वाटली, ती येथे क्रमाने मांडतो.

पहिले सूत्र : सदस्य ‘मंडळ’ असावे, एकटी व्यक्ती नव्हे. टाळेबंदीच्या काळात आपण सर्वांनी पाहिले, की घरात फोन एकच असतो आणि तो कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात असतो. प्रत्येक मुलाकडे फोन असावा अशी अट घातली, तर ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे तीच मुले बाहेर राहतील. मंडळाचा एक फोन, एक नोंदवही आणि ती भरणारी आळीपाळीची दोन मुले एवढे पुरेसे आहे. ज्याला तेही शक्य नाही, त्याने पोस्टकार्ड पाठवावे. ते समूहात नोंदवून घेणे हे आयोजकांचे काम.

दुसरे सूत्र : एका ऋतूला एकच प्रश्न. पावसाळ्यात पर्जन्यमापक, हिवाळ्यात पक्षी किंवा आकाश, मार्चमध्ये सावली, मे महिन्यात शून्य सावली. सर्व काही एकाच वेळी करू पाहणारा समूह काहीच करीत नाही.

तिसरे सूत्र : पद्धत आधी, निरीक्षण नंतर. काठी किती उंच, वेळ कोणती, आकडा कोणत्या एककात, हे एका पानावर सोप्या मराठीत लिहून सर्वांना द्यावे. ढग आले म्हणून मोजता आले नाही, हेही निरीक्षणच आहे, ते लिहावे. कोरा रकाना आणि काल्पनिक आकडा यांत कोरा रकाना केव्हाही अधिक वैज्ञानिक आहे.

चौथे सूत्र : प्रत्येक प्रश्नाला ठरलेल्या मुदतीत उत्तर. उत्तर ठाऊक नसेल, तर ‘आम्हाला ठाऊक नाही, मिळून शोधू’ हेसुद्धा उत्तर आहे. सवालीरामची परंपरा पुढे चालवायची असेल, तर माजी विद्यार्थ्यांपैकी परिचारिका, वीजतंत्री, अभियंता, शेतकरी, प्राध्यापक अशा सर्वांनी महिन्यातील एक संध्याकाळ या कामाला द्यावी. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात कोमट का लागत नाही, याचे उत्तर शेतकरी आपल्या अनुभवाने देईल आणि भौतिकशास्त्राचा पदवीधर त्यामागचे कारण सांगेल. दोघांनाही त्यातून काही नवे मिळेल.

पाचवे सूत्र : बोलण्याची जागा वेगळी, साठवण्याची जागा वेगळी. फोनवरील गटात संदेश आले की जुने खाली दबतात. सहा महिन्यांनी काही सापडत नाही. म्हणून जे निश्चित झाले, ते महिनाअखेर एका सामायिक दप्तरात तारखेसह लिहून ठेवावे आणि त्याच्या प्रती किमान तीन ठिकाणी असाव्यात. मराठी विकिपीडियासारखी खुली व्यासपीठे उपलब्ध आहेत. आपल्या परिसरातील नदी, किल्ला किंवा वनस्पती यांविषयीची संदर्भासह माहिती तेथे लिहिणे हाही मंडळाचा उत्तम उपक्रम ठरेल.

सहावे सूत्र : भाषा मराठी, बोलीसह. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द शिकवलाच पाहिजे. पण झाडाला गावात जे नाव आहे, तेही नोंदीत आले पाहिजे. आपल्या आजीचे शब्द विज्ञानात चालतात हे कळले, की मूल मोकळेपणाने लिहू लागते.

सातवे सूत्र : मुलांची सुरक्षितता. मुलांची पूर्ण नावे, छायाचित्रे, घरचे पत्ते आणि फोन क्रमांक समूहात जाऊ नयेत. नोंद मंडळाच्या नावाने जावी. प्रत्येक गटात दोन प्रौढ जबाबदार व्यक्ती असाव्यात, त्यांपैकी एक स्त्री असावी आणि मुलांशी स्वतंत्रपणे खासगी संवाद कुणीही करू नये. हा नियम कुणावर संशय म्हणून नाही, तो सर्वांसाठी सारखा आहे.

आठवे सूत्र : खुंट्या अनेक. संयोजक दरवर्षी बदलावा आणि जुन्याने नव्याबरोबर काही महिने काम करावे. एका शिक्षकावर, एका देणगीदारावर किंवा एका कार्यालयावर समूह टेकलेला नसावा.

८. एक धोका आणि त्यावरील उपाय

ज्या साधनाने सावलीचे आकडे जातात, त्याच साधनाने अफवाही जातात. ग्रहणात अन्न विषारी होते, अमुक काढ्याने सर्व रोग बरे होतात, असे संदेश आपल्या प्रत्येकाच्या फोनवर येतात आणि बहुधा ते आदरणीय वडीलधाऱ्यांकडूनच येतात. विज्ञान समूहात सकाळच्या शुभेच्छा आणि पुढे ढकललेले संदेश यांचा पूर आला, तर मूळ काम बुडून जाते.

यावर बंदी हा अपुरा उपाय आहे. अधिक चांगला उपाय म्हणजे ‘कशावरून?’ हा शब्द. समूहात येणाऱ्या प्रत्येक विधानाला, मग ते विद्यार्थ्याचे असो वा अध्यक्षांचे, हा प्रश्न नम्रपणे विचारता आला पाहिजे. ‘तुम्ही चूक आहात’ असे म्हणण्यात भांडण आहे. ‘काका, हे कशावरून कळले?’ असे विचारण्यात शोध आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये संविधानात आली. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे कर्तव्य अनुच्छेद ५१ क मध्ये नमूद आहे. ‘कशावरून?’ विचारणारे मूल उद्धट नसते. ते संविधानाने सांगितलेले कर्तव्यच बजावत असते, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

९. समारोप

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. समूह ही वास्तू नव्हे, सवय आहे. पैसा आणि यंत्रे यांची उणीव भरून काढता येते. नियमितपणाची उणीव मात्र कशानेही भरून निघत नाही. म्हणून आरंभ लहान असावा. पाच मंडळे, एक वर्ष, चार प्रश्न आणि एक दप्तर. वर्षअखेर त्या दप्तरात जे असेल, ते पुढील वर्षाच्या मुलांच्या हाती द्यावे.

माजी विद्यार्थ्यांना आमचे निवेदन आहे, की शाळेसाठी देणगी देणे स्तुत्यच आहे. परंतु आपल्या गावचे एक निरीक्षण आणि एका मुलाच्या प्रश्नाचे एक उत्तर ही देणगीही तितकीच मौल्यवान आहे आणि ती कोणालाही परवडते. पालकांना विनंती आहे, की सुटीत मूल अंगणात नळी रोवून दुपारभर बसले, तर त्याला रागावू नये. शक्य झाल्यास ओळंबा धरावा. समाजबांधवांनी आपल्या वस्तीतील वाचनालय किंवा सभागृह महिन्यातून एक दिवस मुलांच्या मंडळाला द्यावे.

येत्या मार्चमध्ये दिवस आणि रात्र समान होतील. तोपर्यंत एक मीटरची सरळ काठी मिळवून ठेवावी आणि आपले मंडळ कोणत्या गावी आहे, ते शाळेच्या विज्ञान विभागास कळवावे. मोजण्याच्या पद्धतीचे पान प्रत्येक मंडळास पाठवले जाईल.